सातवेशीच्या यंत्रणेचा आवाज

माझा दीर बुद्धभूषण हा अख्ख्या पूर्णा तालुक्यातला सगळ्यात भित्रा माणूस आहे आणि त्याचा आवाज मात्र सगळ्यात धीट. मी त्याची वहिनी, त्याची चेष्टा करायचा मला हक्कच आहे, पण हे चेष्टेत म्हणत नाही. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मी त्याला एका झुरळापायी कॉटवर उभा राहिलेला पाहिला. तो तसा उभा असतानाच गल्लीतून भोंग्याची रिक्षा गेली आणि तिच्यातून त्याचाच आवाज गर्जत होता, "लक्ष असू द्या! लक्ष असू द्या! मोफत नेत्रतपासणी शिबिर!" मी एकदा भोंग्याकडे कान दिला, एकदा कॉटकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाले.

ती रिक्षा दत्ताची. बसस्टँडमागं त्याचं साउंडचं दुकान आहे आणि दुकानाच्या पोटात एक लहानशी खोली. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना गोधड्या टांगल्यात. भूषण तिथं बसून जाहिराती रेकॉर्ड करतो आणि दत्ता त्या गावोगाव वाजवत फिरतो. साड्यांचा सेल, जनावरांचं लसीकरण, उद्या नळाला पाणी येणार नाही, हरवलेली शेळी, कुणाची अंत्ययात्रा कुठून निघणार. परभणीचे दुकानदारसुद्धा त्याच्याकडून रेकॉर्ड करून नेतात. विहारात कार्यक्रम असला की माइक त्याच्याच हातात. चेहऱ्यानं त्याला फारसं कुणी ओळखत नाही, पण बसमध्ये त्यानं नुसतं "जरा सरका" म्हटलं तरी माना वळतात. म्हणून तो बसमध्ये बोलतच नाही, अंग चोरून उभा राहतो.

त्याला कशाकशाची भीती वाटते ते विचारूच नये. अनोळखी नंबरवरून आलेला फोन, पोलिसांची गाडी, तिकीट हातात असतानाही समोरून येणारा टीसी. आणि या सगळ्यांच्या वर आबा, म्हणजे माझे सासरे लिंबाजी. आबा रेल्वेत ट्रॅकमन होते, उमेदीची सगळी वर्षं रूळ तपासत चालण्यात गेली. सासूबाई लवकर गेल्या, दोन्ही पोरं त्यांनी एकट्यानं वाढवली. विहाराच्या कमिटीत त्यांचा शब्द अजून चालतो. त्यांनी पोरांवर कधी हात उचलला नाही. ते रागावले की बघायचं बंद करतात. माझा नवरा जीवन एकदा परीक्षेला जातो सांगून सिनेमाला गेला, तर आबांनी सबंध उन्हाळा त्याच्याकडे बघितलं नाही. ताट वाढलं, नवे कपडे आणले, पण नजर भिंतीवर. जीवन ही गोष्ट आता हसत सांगतो, पण सांगताना अजून त्याचा हात मानेकडे जातो.

मी चुडाव्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळची पॅसेंजर गाठायची म्हणजे भाकऱ्या, डबे, सगळं घाईत, आणि त्या घाईत माझी एकच चैन, कानात इअरफोन घालून कथा ऐकायच्या. मोबाइलवर कथा ऐकायचं एक ॲप आहे, त्यावर कुणीही आपली कादंबरी वाचून टाकू शकतं. त्यात मला एक मालिका सापडली होती. लिहिणारीचं नाव नुसतं 'नीलमोहर'. वाचणारा आवाज कुजबुजता, घोगरा, बाईचा की पुरुषाचा तेही कळू नये असा.

कादंबरी होती एका खेळाच्या दुनियेची, पोरं मोबाइलवर खेळतात तशा. काही माणसं झोपेतून उठतात ती थेट त्या खेळात, सातवेस नावाच्या गावात. गावाला एकापुढं एक सात वेशी. एकेक वेस पार करायची आणि सातवीतून बाहेर पडलं की घर. प्रत्येकाच्या मनगटावर तीन ठिपके, म्हणजे तीन जीव. तिन्ही विझले की माणूस संपला. गावावर राज्य यंत्रणेचं. ती कुणाला दिसत नाही, पण तिला सगळं ऐकू जातं, आणि ऐकू गेलेलं ती गावभर जाहीर करते. चौथ्या वेशीवर एक तरुण पहारेकरी आणि वेशीबाहेरच्या नदीवर एक नावाडी. नावाड्याला वाचवण्यापायी पहारेकऱ्यानं आपल्या मनगटावरचे दोन ठिपके त्याला देऊन टाकले. पुढं दोघांचा जीव एकमेकांवर जडला. दोघे पुरुष. पण यंत्रणेनं ऐकलं तर गाव दगड घेऊन येणार, म्हणून ते एकमेकांचं नावसुद्धा घेत नाहीत, नुसते पाण्यावर बोट फिरवून लिहितात.

मला सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पण मग त्या दोघांचं काय होणार याची काळजी लागली आणि अवघडलेपण कुठं गेलं ते कळलं नाही. पॅसेंजरमध्ये ऐकताना एकदा डोळ्यांत पाणी आलं, तर शेजारच्या बाईनं विचारलं, मॅडम, कुणी आजारी आहे का घरी?

इतके दिवस यंत्रणा म्हणजे नुसती घंटा वाजायची. एका सकाळी नव्या भागात ती पहिल्यांदा बोलली. तव्यावर भाकरी होती. पहारेकऱ्यानं नावाड्याचा हात हातात घेतला, क्षणभर शांतता, आणि माझ्या कानात गर्जना झाली:

"लक्ष असू द्या! लक्ष असू द्या! चौथ्या वेशीवरील पहारेकरी आणि नदीवरील नावाडी यांचे हात एकमेकांच्या हातात आढळून आले आहेत. सर्व खेळाडूंनी नोंद घ्यावी!"

भाकरी जळाली. आवाज तोच होता, नेत्रतपासणी शिबिराचा. मी मागं वळून बघितलं, तर भूषण मोरीपाशी उभा राहून दात घासत होता.

संध्याकाळी तो गच्चीवर कपडे काढायला गेला तेव्हा मी मागोमाग गेले आणि फोनवर तो भाग लावला. त्याच्या हातातला शर्ट गळून पडला. एवढा मोठा गडी, मटकन खाली बसला.  कुजबुजता आवाज त्यानं महिनोन् महिने घोटून काढला होता, असं हळूहळू त्यानं सांगितलं. लिहिणारा 'नीलमोहर'ही तोच. दत्ता दुपारी रिक्षा घेऊन गेला की त्या गोधड्यांच्या खोलीत तो ही कथा रेकॉर्ड करायचा. पण यंत्रणेला गावभर जाहीर करायचं होतं, आणि जाहीर करायचं म्हटलं की त्याचं तोंड एकाच रीतीनं उघडतं. आयुष्यभर तेच केलं. आवाज बदलायचा असतो हेच त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि ऐकून तपासताना त्याला काही वेगळं वाटलंही नाही, कारण जाहीर होणारं सगळं त्याच आवाजात ऐकायची त्याच्या कानाला सवय.

मी जरा ताडकन विचारलं, कारण माझा स्वभाव तसा आहे, की भावजी, ही नुसती गोष्ट हाय का तुमचंबी तसंच हाय?

त्यानं पडलेला शर्ट उचलला, झटकला आणि परत दोरीवर टाकला.

"माजंबी तसंच हाय, वैनी," तो म्हणाला. "आबा मारतील याचं भेव न्हाई मला. आबा बघायचं बंद करतील. आन् ह्या बारीला ते परत बघणार न्हाईत."

माझा ताठा तिथंच विरघळला आणि त्या जागी भीती येऊन बसली. तोवर घाबरणं हे त्याचं खातं होतं. त्या संध्याकाळपासून आम्ही दोघं भागीदार झालो.

तो भाग त्यानं लगेच काढून टाकला. पण तोवर कुणीतरी यंत्रणेचं ते बोलणं तेवढंच कापून घेतलं होतं आणि ते मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागलं होतं. लोकांना कादंबरी माहीत नव्हती, त्यांना फक्त मजा वाटत होती. सरकारी थाटाची जाहिरात आणि तिच्यात दोन बाप्यांचे हात. चुडाव्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं ओरडायला लागली, "लक्ष असू द्या! सरांचा हात डब्यात आढळून आला आहे!" सगळे शिक्षक हसले. मीही हसले, आणि डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला.

पूर्णेत मात्र लोक नुसते हसत नव्हते. इथं तो आवाज रोज गल्लीतून जातो. दत्ताची रिक्षा कोपऱ्यावर आली की टपरीवरची टोळकी तिच्या सुरात सूर मिसळून पुढची ओळ म्हणायची. सेलची जाहिरात सुरू व्हायची आणि शेवट व्हायचा 'हात आढळून आले आहेत'नं. साडीच्या दुकानाचा मालक महारुद्र इतकी वर्षं भूषणशिवाय कुणाचा आवाज घेत नसे, त्यानं दत्ताला निरोप धाडला की औंदा दुसऱ्या कुणाकडून रेकॉर्ड करून दे. कारण सांगितलं नाही. कारण न सांगितल्यामुळेच आम्ही जास्त घाबरलो.

आणि भूषण स्वतःच्या आवाजाला भ्यायला लागला. हे मी डोळ्यांनी बघितलंय. लांबून भोंगा ऐकू आला की तो खिडकी लावून घ्यायचा, कडी घालायचा, आणि रिक्षा लांब जाईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. बाहेर त्याचाच आवाज छातीठोक सांगतोय की लसीकरणाचा लाभ घ्यावा, आणि आत त्याला घाम फुटलेला. रविवारी विहारात वंदनेला जाणं त्यानं सोडलं, कारण तिथं तोंड उघडावं लागतं. घरातही तो खुणांनी बोलू लागला. मीठ हवं तर बोट दाखवायचा.

एका दुपारी त्यानं फोन माझ्यापुढं धरला. 'नीलमोहर'ला कुणाचा तरी निरोप आला होता. "आवाज वळखला. घर बी म्हाईत हाय. बापाला सांगावं का पोरायला घेऊन यावं, तूच सांग." खाली नाव नाही, फोटो नाही. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. तो म्हणाला, तिथं कथा वाचून दाखवावी लागेल. मी हातात घेतलेली पर्स परत खुंटीला लावली.

आता गल्लीत मोटारसायकल थांबली तरी मी खिडकीच्या फटीतून बघून घ्यायची. जीवनला सांगावं असं दहादा वाटलं. पण जीवन मनानं चांगला आणि तोंडानं फुटका आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी गप्प बसले.

शेवटी भूषणनंच ठरवलं. एक अखेरचा भाग टाकायचा. त्यात यंत्रणा पहारेकऱ्याचा शेवटचा ठिपका विझवणार, पहारेकरी मरणार, कथा संपणार. मग 'नीलमोहर'चं खातं बंद, आणि लोक विसरून जातील. मी भडकले. म्हटलं, कथा बंद करायची तर करा, त्याला मारायचं कामून? तो म्हणाला, मारल्याशिवाय ऐकणारे सोडणार नाहीत, पुढं काय झालं म्हणून विचारत राहतील. मेलेल्याचं कुणी विचारत नाही. हे तो इतक्या शांतपणे बोलला की मला त्याच्या घाबरण्यापेक्षा त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली. त्या दिवसापासून तो अंघोळीला जरी गेला तरी मी दाराबाहेरून हाक मारत राहायची.

अशातच शाळा लवकर सुटली म्हणून एक दिवस मी दुपारीच घरी आले. आबा ओट्यावर बसले होते, फोन कानाला लावून, कुणाशी तरी बोलत असल्यासारखे. पण बोलत काहीच नव्हते. मी चपला काढत होते तेवढ्यात त्यांनी फोन कानावरून खाली घेतला आणि त्यातून तो कुजबुजता घोगरा आवाज आला. नदी, नाव, पाण्यावर फिरणारं बोट.

 आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. फोन पुढं केला आणि म्हणाले, "राजेश्री, कुनीतरी हे धाडलंय, ह्याच्या मागचं कसं लावायचं? मला पैल्यापासून ऐकायचंय."

मी लावून दिलं. दोनदा चुकीचं काहीतरी उघडलं. आबांनी फोन परत कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीकडे बघणारे आबा म्हणजे काय, हे या घरातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

भूषणला सांगावं की नको, याचा मला त्या दिवसांत फार त्रास झाला. आबा रोज ऐकत होते. जेवताना बोलत नव्हते. एकदा तर घास हातात धरून नुसतेच बसून राहिले. शेवटी मी सांगून टाकलं. वाटलं, वीज पडणारच असेल तर झाडाखालून बाजूला तरी व्हावं त्यानं. तो उठला. आत गेला, पिशवीत दोन शर्ट कोंबले, चार्जर टाकला. कुठं जाणार म्हणून विचारलं, तर म्हणाला, जी गाडी लागलेली असेल तिच्यात. मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि दारात आला.

दारात आबा उभे होते. पायात बूट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बाहेर जायच्या तयारीत.

"पिशवी ठिव," आबा म्हणाले. "दत्ताच्या दुकानात जायचंय. राजेश्री, तूबी चल."

भर दुपारी आम्ही तिघं बाजारातून चाललो. आबा पुढं, त्यांच्या मागं भूषण, त्याच्या मागं मी. रूळ तपासायला निघावं तसे आबा खाली बघत एका लयीत चालत होते, आणि मला वाटत होतं की ते दुकानातलं रेकॉर्डिंगचं मशीन उचलून रस्त्यावर आपटणार. नाहीतर दत्ताच्या देखत पोराला विचारणार आणि मग कायमची मान फिरवणार. टपरीवर पोरं बसलेली होती. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, लक्ष असू द्या. बाकीचे खिदळले. आबा थांबले. त्यांनी त्या पोराकडे नीट बघितलं, आणि परत चालायला लागले. भूषणचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आम्हाला बघून दत्ताचा चेहरा पडला. तो बिचारा स्टूल पुसायला लागला. आबांनी बसून घेतलं आणि सरळ विषयाला हात घातला. महारुद्रानं म्हणे सकाळी स्टेशनपाशी चहाच्या वेळी सगळ्या जुन्या रेल्वेवाल्यांसमोर फोनवर ते लावलं होतं आणि विचारलं होतं की आबा, हा तुमच्या भूषणचाच आवाज ना? आबा म्हणाले होते, न्हाई. आजकाल मशीन कुनाचाबी आवाज काढतंय, कुनीतरी माझ्या पोराचा आवाज चोरलाय.

आमच्या घरात खोटं बोलल्यावर काय होतं ते मी वर सांगितलंय. आबांच्या तोंडून खोटं निघाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही त्यांच्याच तोंडून.

"मी एकदा मशीन म्हनलोय," आबा भूषणला म्हणाले. "आता फुडच्या टायमाला तुजाच आवाज आला, तर मी खोटा पडतो आन् तू सापडतोस. दुसरा आवाज पायजे. माजा कुनी वळखीत न्हाई. ते यंत्रणेचं मी बोलतो. काय बोलायचंय ते लिहून दे."

भूषण नुसता उभा. मी त्याला मागून ढोसलं. दत्तानं कुठूनतरी कागद आणि पेन आणून दिलं. आबांना बारीक दिसत नाही म्हणून भूषणनं मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी आली. अखेरच्या भागात यंत्रणेची चारच वाक्यं होती.

आम्ही गोधड्यांच्या खोलीत गेलो. आबांनी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला. दत्तानं मशीन सुरू करून दिलं आणि तो बाहेर जाऊन बसला. आबांचा आवाज धावत्या गाड्यांच्या खडखडाटात माणसांना हाका मारून मारून चिरफळलेला. पहिलं वाक्य त्यांनी बोट फिरवत वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं जरा अडखळले. चौथ्यावर बोट थांबलं. मला माहीत होतं तिथं काय लिहिलंय. चौथ्या वेशीवरील पहारेकऱ्याचा शेवटचा जीव संपला आहे, सर्व खेळाडूंनी नोंद घ्यावी.

आबांनी चष्मा काढला.

"हे मी वाचनार न्हाई."

भूषण खाली मान घालून म्हणाला की आबा, तेवढंच राहिलंय, मग कथा संपली, मग कुणाला काही कळायचं नाही.

आबांनी चष्मा खिशात घातला. मग हळू आवाजात बोलले. मशीन चालूच होतं, पण ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"चुडाव्याच्या पल्याड दोन पोरं उचलली होती मी रुळावरून. तुजा जन्म व्हायचा होता. लोक म्हनले, नापास झाली असतील. त्यांचे हात एकमेकाच्या हातातून सुटत न्हवते. मी सोडवले." ते थांबले. "हे कानाला लावल्यापसून रोज सकाळी मी लाइनीनं दूरवर चालत जाऊन बघून येतो, भूषण. मला लय भेव वाटायलंय."

हे बोलताना आबा भूषणकडे बघत होते. डोळे न हलवता बघत होते. मी त्या माणसाला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. सापाला काठीनं बाजूला सारणारा माणूस तो. आम्ही दोघं इतके दिवस त्यांना भीत होतो आणि ते एकटेच, कुणाला न सांगता, आमच्याहून जास्त भीत होते. 

भूषणनं आबांच्या हातातून कागद घेतला. चौथं वाक्य खोडलं, इतकं जोरात की कागद फाटला. त्याखाली एक नवीन ओळ लिहिली आणि कागद परत दिला. आबांनी चष्मा लावला, ओळ मनातल्या मनात वाचून घेतली, मान हलवली आणि मशीनकडे तोंड करून म्हणाले:

"चौथ्या वेशीवरील पहारेकरी जिवंत आहे."

नेमकं तेव्हाच मला रडू फुटलं आणि ते मशीनमध्ये गेलं. आबा वैतागले. म्हणाले, तू भाईर बस बाई, काम होऊ दे. मी नाक पुसत दुकानात दत्ताजवळ येऊन बसले. दार लावूनही आतलं ऐकू येत होतं. आबांनी वाक्य पुन्हा म्हटलं. आता मध्ये कुणी रडलं नाही, तेही अडखळले नाहीत, स्वच्छ म्हटलं. मग आतून भूषणचा आवाज आला, भोंग्यातला नाही, त्याचा स्वतःचा, बारीक: "परत एकदा म्हना, आबा."

आबांनी म्हटलं.

"परत एकदा."

आबांनी परत म्हटलं. ते असं किती वेळ चाललं होतं ते मी मोजलं नाही. दत्ता माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "वैनी, पैल्याच बारीला चांगलं आलं होतं की."